बिनवासाची गाडी

१२ जानेवारी

ती. आक्कास,
बाळाचा सा. न. वि. वि.

पत्र खुर्चीत बसून वाच. मी गाडी घेतोय.

आता तू चष्मा पुसून हे वाक्य परत वाचशील, म्हणून मीच परत लिहितो: मी गाडी घेतोय. विजेवर चालणारी. तिला पेट्रोल लागत नाही, धूर येत नाही आणि वासही येत नाही. काल शोरूममध्ये जाऊन मी स्वतः हुंगून आलो. पुढून, मागून, आणि विक्रेत्याची पाठ वळल्यावर वाकून तळाकडूनही. काय शोधताय असं त्याने विचारलं, तेव्हा माझ्या बहिणीला पेट्रोलच्या वासाने गल्लीच्या तोंडाशीच उलटी होते, हे त्याला सांगावं लागलं. सगळे किंमत विचारतात, वासाची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच, असं तो म्हणाला.

भाऊजी गेले तेव्हा मी तुला माझ्याकडे कायमचं राहायला चल म्हटलं होतं. बिनवासाची गाडी आण, त्या दिवशी येते, असं तू म्हणालीस. तेव्हा तशी गाडी नव्हती, म्हणून गप्प बसलो. आता आहे. मी तुझ्याकडे यावं तर तुझ्या घराच्या त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आमची ही गेल्यापासून या घरात प्रश्नही मीच विचारतो आणि उत्तरही मीच देतो. दोन म्हातारी माणसं दोन गावांत दोन चुली पेटवतात, यात कसला शहाणपणा आहे ते मला तरी कळत नाही.

पैशांचं म्हणशील तर सरकारने विजेच्या गाडीवरचा कर माफ केलाय. करासकट गाडी माझ्या आवाक्याबाहेर, कराशिवाय बरोब्बर आवाक्यात. जन्मभर लोकांच्या कवळ्या करून साठवलंय ते तेवढंच. आपला दीडशहाणा भाचा करसल्लागार आहे, तो कागदपत्रं करून देईल. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी करायला घेतली आहे. जबड्यांचे जुने साचे आणि प्लास्टरची पोती हलली की तिथे खिडकी आहे हे दिसायला लागेल.

लोभ आहे तसाच ठेव, सबबी मात्र वाढवू नकोस.

तुझा
बाळ


२१ जानेवारी

चि. बाळास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पत्रच लिहीत जा. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने जोडते, त्यातून गेल्या खेपेला केवढा घोळ झाला ते तुला ठाऊक आहे.

सत्तरी आली तरी तुला अंथरूण पाहून पाय पसरणं जमलं नाही. गाडी विजेवर चालते म्हणतोस, पण आमच्याकडे वीजच धड चालत नाही. पेट्रोलची गाडी चढावर अडली तर कोणीतरी डबा घेऊन धावतो. तुझी अडली तर काय बादलीत वीज आणणार? आणि चालवणार कोण? सायकलवर असताना तू हात उजवीकडे दाखवायचास आणि वळायचास डावीकडे.

अट मीच घातली होती, नाकबूल करत नाही. तशी गाडी माझ्या हयातीत निघायची नाही असं वाटलं होतं. इथे मी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. निम्म्या गावाची लहानपणची कंबर मला तोंडपाठ आहे. तिकडे मला कोण ओळखतं? तुझ्या घरात पाहुणी होऊन बसायचं आणि जेवायला वाढू का म्हणून कोणी विचारायची वाट बघायची, हे मला जमायचं नाही. पण शब्द दिला तो दिला. गाडी दारात उभी कर, मी बसते.

सरकार माफ करतंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. सरकारी माफीत कुठेतरी एक ‘परंतु’ असतो. तो आधी शोध.

घरातल्या मोठ्यांस नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद लिहायची रीत आहे. तुझ्या घरात दोन्ही तूच, तेव्हा वाटून घे.

तुझी
आक्का


८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तो ‘परंतु’ सापडला.

गाडीवरचा कर माफ आहे, पण फक्त आयकर भरणाऱ्याला. ज्याचं उत्पन्न इतकं कमी की त्याला आयकरच लागत नाही, त्याने गाडीवरचा कर पूर्ण भरायचा. मी स्वतः कर कचेरीत जाऊन मोठ्या साहेबांना विचारलं की गरजू माणसालाच सवलत नाही, हे कसं. ते अजिबात चिडले नाहीत. माफी मिळायला आधी गुन्हा केलेला असावा लागतो, करमाफीचंही तसंच आहे, असं त्यांनी मला समजावलं आणि वर चहाही पाजला.

मामाला मिळतं ते ठेवीचं व्याज. त्यावर कर शून्य. दात आहेत तर चणे नाहीत, अशी त्याची गत झाली. मी गमतीत म्हणालो की मामा, आधी कर लागण्याइतकं कमव. तो हसला नाही. टोपी घातली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर पाटी: कवळ्या करून मिळतील, पैसे घेतले जातील. दुसरं वाक्य कशाला, असं मी विचारलं. लोकांचा गैरसमज नको, असं त्याचं म्हणणं. तुझ्यासाठी रिकामी केलेली खोली पुन्हा भरली आहे. पोती परत आत गेली, खिडकी परत दिसेनाशी झाली.

माझे सगळे अशील कर कसा चुकेल हे विचारायला येतात. मामा दर सोमवारी येतो आणि अजून लागला नाही का, असं विचारतो. बाहेर बसलेली माणसं त्याच्याकडे घाबरून बघतात. तू त्याला चार शब्द सांग. माझं तो ऐकत नाही, कारण तो मला चड्डीत असल्यापासून ओळखतो.

तुझी माया आहे तेवढी पुरे, रागावू मात्र नकोस.

तुझा
दीडशहाणा


१४ ऑगस्ट

ती. आक्कास,
बाळाचा सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी. मला कर लागला.

भाच्याने आकडा सांगितला तेव्हा माझे डोळे भरून आले. शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. बक्षीस लागलं समजून त्यांनी अभिनंदन केलं आणि कारण कळल्यावर कप खाली ठेवून एकमेकांकडे बघितलं.

धंदा असा फोफावला की विचारू नकोस. सुरुवात निवृत्त पोस्टमास्तरांपासून झाली. त्यांना कवळी इतकी छान बसली की ते कारण नसताना गावभर हसत फिरायला लागले. त्यांच्या मागोमाग रांग लागली. पण आता नवीनच घोडं अडलंय. या सवलतीला वरूनही मर्यादा आहे. त्या रेषेपलीकडे गेलं की सरकार आपल्याला श्रीमंत समजतं, आणि श्रीमंताला सवलत नाही. खालची रेषा आणि वरची रेषा यांच्यात एवढीशी फट आहे. या सवलतीचं हिशेबाचं वर्ष मार्चला नाही, ऑक्टोबरअखेर संपतं, त्या दिवशी मी त्या फटीत सापडलो पाहिजे. आणि मी जुलैतच वरच्या रेषेला डोकं आपटलं.

म्हणून पैसे घेणं बंद केलं. तर फुकट म्हटल्यावर रांग दुप्पट झाली. त्यातही भिडस्त माणसं खिडकीतून पैसे आत टाकून पळतात. काल एका शिक्षिकाबाईंना त्यांचे पैसे परत द्यायला मी गल्लीभर पळालो. त्या माझ्यापुढे पळत होत्या, ओरडत होत्या, तोंडात माझीच कवळी, आणि ती जरासुद्धा हलली नाही. कारागीर म्हणून अभिमान वाटला, करदाता म्हणून घाम फुटला. एखादी कवळी मुद्दाम वाईट करून पाहिली, पण हात ऐकत नाही.

तुझं सामान बांधायला हरकत नाही. मायेत कमी-जास्त करू नकोस, मी तेवढ्यावरच पळतोय.

तुझा
बाळ


२२ ऑगस्ट

चि. बाळास,
अ. उ. आ.

तुझी बोटं सुजली आहेत आणि तू दुपारचं जेवण रात्री जेवतोस, हे मला दीडशहाण्याच्या पत्रातून कळलं. तू कळवलं नाहीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला. मला तुझी फार काळजी वाटते आणि तितकाच रागही येतो.

तुझं पत्र निम्मंच ऐकून शेजारीण म्हणाली की सत्तरीचा माणूस गल्लीतून बाईच्या मागे पैसे घेऊन पळतो, हे चांगलं दिसत नाही. मी तिला खरं कारण सांगितलं. त्यापेक्षा आधीचं बरं होतं, असं तिचं मत पडलं.

मी शिलाई मशीनला तेल घालून ठेवलंय. गाडीत ते मावतं का, हे विचारून कळव. मावत नसेल तर विचार करावा लागेल.

वेळेवर जेव. बाकी आशीर्वाद आहेतच, ते जेवणाऐवजी चालत नाहीत.

तुझी
आक्का


५ ऑक्टोबर

ती. आक्कास,
बाळाचा सा. न. वि. वि.

हे पत्र कसं लिहावं ते कळत नाही. चार वेळा सुरू केलं. तू येऊ नकोस.

पुढचं वाचल्याशिवाय कागद फाडू नकोस. खिडकीतले पैसे दारोदार परत करत मी जवळजवळ फटीत आलोय. थोडेसेच जास्त आहेत, तेही वाटून टाकीन. पण भाच्याने काल नवीन नियम दाखवला. उत्पन्न नसलेलं वडीलधारं माणूस आपल्या छपराखाली राहायला आलं की ते सरकारी भाषेत आपल्यावर ‘अवलंबून’ होतं, आणि त्याच्या नावाची मोठी वजावट आपल्याला मिळते. नको म्हटलं तरी मिळते. मी कर कचेरीत जाऊन हात जोडले, मला ही सूट देऊ नका म्हटलं. सूट नाकारायचा अर्ज अजून छापलेला नाही, असं साहेब म्हणाले. म्हणजे तू आलीस की माझा कर शून्य. कर शून्य की माफी नाही. माफी नाही की गाडी नाही. आणि गाडी नाही तर तू येणार कशी?

अजून एक. सवलत घेतल्यावर पुढची तीन वर्षं करदाता राहावं लागतं, नाहीतर सगळा कर वसूल करतात. तेव्हा तुला आणण्यासाठी घेतलेली गाडी टिकवायची तर तीन वर्षं तुला आणता येणार नाही. चौथ्या वर्षी मी नक्की येतो. तोपर्यंत गाडी पुसून चकचकीत ठेवीन. तू तब्येत सांभाळ. मशीन मावतं.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा
बाळ


१६ नोव्हेंबर

चि. दीडशहाण्यास,
अ. उ. आ.

एकाच गावात पत्र कशाला म्हणशील, तर तोंडी सांगताना तू मध्येच बोलतोस. मी तुझ्या मामाच्या घरून लिहिते आहे.

त्याचं पत्र आलं तेव्हा मी पंचाहत्तरीला टेकले होते. त्या माणसाने मला तीन वर्षं थांबायला सांगितलं. इतका राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. तीन वर्षांनी त्याला आणायला मी सापडेन याची हमी काय त्या साहेबांनी दिली होती? आणि तोवर या वेड्याकडे कोण बघणार? मी घराला कुलूप लावलं, मशीन दोरीने बांधलं आणि पहाटेच्या दुधाच्या ट्रकमध्ये चढले. उलट्यांचं वर्णन करत नाही. ड्रायव्हर भला होता. वाटेत जितक्या वेळा थांबायला सांगितलं तितक्या वेळा थांबला, आणि पोचल्यावर म्हणाला की आजी, तुमच्यामुळे आज गावोगाव दूध उशिरा पोचलं, पण तुम्ही पोचलात हे काय कमी आहे. ट्रकला भयंकर वास होता.

बाळाने दार उघडलं ते कोपरापर्यंत प्लास्टरच्या हातांनी. मला पाहून त्याला आधी रडू आलं आणि मग तो भांडायला लागला, मी सगळं मातीत घातलं म्हणून. मी त्याला गरम जेवायला घातलं. जेवताना माणसाला भांडता येत नाही.

मग मी तो ‘अवलंबून’चा नियम तीनदा वाचला. ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही, तो अवलंबून. मी कोणावर कधी अवलंबून नव्हते आणि या वयात सुरुवात करणार नाही. मी बाळाला सांगितलं की मला कामावर ठेव. आता मी त्याच्या दुकानात मापं घेते. जन्मभर कमरा मोजल्या, आता जबडे मोजते, फरक फार नाही, फक्त इथे गिऱ्हाइकाला बोलता येत नाही. ऑक्टोबर संपायच्या आत पगार आगाऊ घेतला. त्यामुळे त्याच्याकडचे जास्तीचे पैसे माझ्याकडे आले आणि तो आपसूक फटीत जाऊन बसला. हे सगळं तुला ठाऊक आहे, माझ्या उत्पन्नाचा दाखला तूच आणलास. पण एवढं शिकलास आणि हा उपाय एका शिंपिणीला सुचला, हे तुझ्या बायकोला जरूर सांग. पोती मी आल्याच दिवशी बाहेर काढायला लावली. माझ्या खोलीला खिडकी आहे.

काल गाडी आली. दिसायला चांगली आहे. बाळाने दार उघडून धरलं, मी बसले, तो चाकामागे बसला. कळ दाबली तरी आवाज नाही, धूर नाही, आणि वास खरोखरच नाही. तो बराच वेळ दोन्ही हातांनी चाक धरून बसला. कुठे जायचं, असं मी विचारलं. वर्षभर त्याने एकच रस्ता मनात घोकला होता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला आता कोणी राहत नाही. मग आम्ही दोघं तसेच दारात, आपल्याच गाडीत, अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. मला खूप बरं वाटलं.

सवडीने ये. लोभ असू दे, त्यावर अजून तरी कर नाही.

तुझी
पगारदार मावशी