पेटी द्यावी की ठेवावी

१८ नोव्हें. ७४
दिवाळीच्या आधीपासून ही वही उघडली नाही. लिहायला बसलं की ठरवावं लागेल, म्हणून टाळलं. आता टाळायला जागा नाही. सीताबर्डीचे वाचनालयवाले काका आज पुन्हा म्हणाले, "तुह्या पेटीतली सारी पुस्तकं माह्याइथं जमा कर, जन्मभर फुकट वाच. तुही एक पेटी, माह्या चारी भिंती. सोच." रविवारपर्यंत सांगायचं. सौदा चांगला आहे. मग लगेच हो का म्हटलं नाही?

२० नोव्हें.
वाडीतली ही तिसरी खोली. दर वेळी पेटी डोक्यावर. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई वाळवीवरून बोलल्या. माझ्यासोबत खोलीत राहणारा भगवान, ट्रक चालवतो, त्याला तर विषयच मिळाला. "लोकं बायकोले इतकं जपत नाही गा! देऊन टाक अन् मोकळा फिर." खरंय. पेटीपायीच जबलपूरची नोकरी राहिली. पण जबलपूरला गेलोच तर काकांच्या भिंती काय कामाच्या? हे विचारायला निघालो होतो. वाटेत संत्र्यांचा ट्रक कलंडलेला, तो उभा करणाऱ्यांत घुसलो. संत्री खाऊन परत. विचारायचं राहिलं.

२२ नोव्हें.
काकांनी नमुन्याला एक नवं पुस्तक दिलंय. गोदामात ट्रकमालाच्या पावत्या, बिल्ट्या लिहिता लिहिता वाचलं. भारी आहे. पण पान दुमडेल, चहा सांडेल, सारखी धाकधूक. परक्याचं पोर मांडीवर घेतल्यासारखं.

आणि उमरेडच्या घरचं काय? बाबांना वाचता येत नाही. ते मागावर विणतात, मी सुटीला गेलो की बाजूला बसून वाचतो. लहान होतो तेव्हा गोष्ट रंगली की बाबांचा ठोका जोरात पडायचा, तेवढं कापड घट्ट. शेठनं एकदा लुगडं उजेडात धरलं. "इथं काय झालं गा?" बाबा म्हणाले, "इथं राजा मेला." लुगडं परत आलं. आई ते अजून नेसते. तेव्हापासून बाबांचा नेम: ते मागावर असले की मी त्यांनी आधी ऐकलेलंच पुस्तक वाचायचं. पुढचं माहीत असलं की हात सारखा चालतो. म्हणजे काकांच्या सगळ्या भिंती बाबांना बिनकामाच्या.

२४ नोव्हें. रवि.
"नाही" म्हणायला गेलो. तोंडातून "हो" निघालं. कपाटांसमोर उभं राहिलं की माझं असंच होतं.
विचारलं, माझीच पुस्तकं कधी घरी नेता येतील?
"नेशील ना गा! आठ दिवसांत वापस आणजो."
बाबांचं एक पुस्तक सरायला महिना लागतो. तरी उद्याची रिक्षा सांगून आलो.
भगवान म्हणे, "हो म्हणून आला ना? मंग काहून तोंड पाडून बसून राहिला?" घरी कळवलेलं नाही. कळवायचं तरी काय?

२५ नोव्हें.
सकाळीच सायकलरिक्षा आली. पेटी चढवली, दोरी बांधली. सोडली. दोन पुस्तकं काढली, एक परत ठेवलं. पुन्हा बांधली. रिक्षावाला बिडी विझवून म्हणाला, "भैया, चलना है के नहीं?" सदरा घालून येतो म्हणून वर पळालो. सदरा हातात आहे, लिहीत बसलोय.

आत्ता खालून घरमालकीणबाईंची हाक, "अरे, उमरेडहून म्हातारबाबा आले गा तुह्याकडं! पिशवी नाही, काही नाही."

खिडकीतून पाहिलं. बाबाच. मागावर लुगडं अर्धं असणार, आणि तसं असलं की आमच्यात कोणी गाव सोडत नाही, मयतीलाच काय तो अपवाद. आई ठीक असेल ना? चपला सापडत नाहीत. बाबा पेटीवर हात ठेवून रिक्षावाल्याला विचारताहेत, "हे कुठी नेऊन राहिला गा?"