चोराची कमकुवत बाजू

मी, अखेरीस सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त, आज सकाळी पूर्ण शुद्धीत असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, तो कलम एकमध्ये नोंदवला आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या वजनकाट्याच्या शिक्क्याची मुदत केव्हा संपली तेही सांगितले.

कलम एक. पहिल्या मजल्यावरचे माझे तीन खोल्यांचे राहते घर माझ्या पश्चात माझ्या मुलीला मिळावे. मागच्या खेपेला ती आली तेव्हा मी आंघोळीला गेलेली पाहून तिने टेप लावून खिडक्या मोजल्या. विचारले तर म्हणाली, "अगं आई, सहज." सहज कोणी दोनदा मोजत नाही. जावई म्हणाले की आमच्या ओळखीचा एक वकील आहे, त्याच्याकडूनच कागद करून घ्या. म्हणून वकील न लावता मी लिहायला बसले. तरीही घर तिचेच.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलगी आणि माझी नणंद यांना निम्मी-निम्मी. नणंद म्हणेल, मला नको. तिचे ऐकू नये.

कलम तीन. पितळी वजनांचा संच आणि हातकाटा माझ्या हाताखाली शिकलेल्या, आता माझ्याच खुर्चीवर बसणाऱ्या निरीक्षकबाईंना द्यावा. बत्तीस वर्षांत मी एकाही दुकानात चहा घेतला नाही. जे साहेब आधी फोन करून मग तपासणीला जात, त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. ऐकायला बसले तर हरकत नाही.

कलम चार. बैठकीतले गोल टेबल, त्यावरचे फासे, कथलाच्या छोट्या मूर्ती आणि माझ्या यजमानांनी लिहिलेली नियमांची वही, हे सर्व वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना मिळावे. यावर मुलगी नक्की हरकत घेईल. तीन वर्षे मी या गृहस्थांशी जिन्यातसुद्धा बोलत नव्हते, हे तिला ठाऊक आहे. म्हणून कारण सविस्तर लिहिते.

माझे यजमान गणिताचे मास्तर होते. त्यांनी चौघांत खेळायचा एक खेळ रचला होता. एकाने सूत्रधार व्हायचे, गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचे, लढायचे, दरवाजे फोडायचे, आणि काय साधले काय फसले ते फाशांवर ठरवायचे. सूत्रधार अर्थात मास्तर. मी योद्धा, नणंद जादूगारीण, डॉक्टर चोर. दर रविवारी दुपारी, पंधरा वर्षे.

मास्तरांचा सगळा जीव समतोलात. जादूगारीण लांबून जाळते, तर तिच्या अंगात बळ कमी. योद्ध्याला बळ, तर त्याला कुलूप उघडता येत नाही. प्रत्येकाने आपले पात्र घडवताना एक खास गुण घ्यायचा आणि त्याच्या मोलाची एक कमकुवत बाजू पत्करायची. मी दुप्पट जोराचा घाव घेतला, आणि लढाईतून मागे न फिरण्याची अट पत्करली. ती सगळ्यांसमोर सांगितली. नणंदेनेही सांगितली. डॉक्टरांनी एका वेळी दोन चाली करण्याचा गुण घेतला, आणि कमकुवत बाजू चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालून मास्तरांकडे दिली. तशी मुभा होती.

पंधरा वर्षांत ती कमकुवत बाजू मला एकदाही दिसली नाही. चोर सदा माझ्या अंगाला चिकटून उभा. दरवाजा उघडला की हा पुढे. मला वाटे, लूट आधी हाती लागावी म्हणून. जखमी फार व्हायचा, पण मी म्हणत असे, पुढेपुढे करणाऱ्याला लागणारच. एकदा डॉक्टरांचा फासा गुपचूप ठेवून घेतला, एका अंगाला जड आहे का ते कळावे म्हणून मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला, हातकाट्यावर तोलला. फासा खरा निघाला. तेव्हा माझा संशय पाकिटावर गेला.

मास्तर गेले. सहा महिन्यांनी अर्धवट राहिलेली लढाई पुरी करायला आम्ही तिघे बसलो. वही नणंदेकडे होती. मी म्हणाले, "आधी चोराची कमकुवत बाजू सांगा."

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मास्तरांना शब्द दिलाय. नाही सांगता येणार."

"मग पाकीट दाखवा."

"ते मास्तरांकडे होतं."

"म्हणजे नव्हतंच. पंधरा वर्षं तुम्ही फुकट खाल्लंत."

नणंद म्हणाली, "वहिनी, अगं काय बोलतेस?" डॉक्टरांनी पेन्सिल ठेवली, चष्मा पुसला आणि ते निघून गेले. त्यानंतर मी दात दुखला तरी बस धरून दुसरीकडे जात असे. त्या दुसऱ्याने दोन दात उगाच काढले असा माझा संशय आहे, पण तो या मृत्युपत्राचा विषय नाही.

गेल्या वर्षी नणंद वहीचे फाटलेले कव्हर बदलत होती. पुठ्ठा आणि कव्हर यांच्यामध्ये पाकीट सापडले. मी ते भिंगाखाली धरले, शाई ताडून पाहिली. पहिली ओळ डॉक्टरांची: "पाण्याची भीती." ती खोडलेली. खाली मास्तरांचे अक्षर: "त्याऐवजी, योद्ध्यावर येणारा दर तिसरा घाव चोराने स्वतःवर घ्यावा. योद्ध्याला कळता कामा नये." खाली दोघांच्या सह्या.

मी चिठ्ठी घेऊन तशीच वर गेले. डॉक्टरांनी दार उघडले. "वहिनी? या ना."

"किती वेळा मेले असते मी?"

त्यांनी चिठ्ठी पाहिली. "मी मोजलं नाही. मास्तर मोजायचे. दहा-बारा वेळा असेल."

"आणि हे कशासाठी?"

"तुम्ही एकदा कॅरम उधळून उठला होतात, आठवतंय? मास्तर म्हणाले, हिचं पात्र मेलं तर ही उठून जाईल, परत बसायची नाही. मग आपला रविवार गेला. म्हणाले, तू एवढं कर."

म्हणजे माझा संशय खरा होता. खेळात खोट होती. बत्तीस वर्षे मी दुसऱ्यांचे काटे तपासले आणि माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याने, माझ्याच पारड्यात झुकते माप टाकले होते. त्याची किंमत ज्याने भरली त्याला मी फुकटखाऊ म्हणाले. तो शब्द मी या कागदावर, साक्षीदारांसमक्ष मागे घेते. त्या दिवशी दारात मला तो मागे घेता आला नाही. एवढेच म्हणाले, "ती लढाई परत मांडा. चिठ्ठीशिवाय."

रविवारी मांडली. नणंद सूत्रधार झाली. चोर माझ्यापासून लांब उभा राहिला. चौथ्या फेरीत माझा योद्धा मेला. फासे मी स्वतः मोजले, दोनदा. मान वर केली तर दोघेही टेबलाकडे पाहतच नव्हते, माझ्याकडे पाहत होते. डॉक्टरांनी आपला चहाचा कप हळूच उचलून मांडीवर घेतला होता.

रागाने माझे कान तापले होते. कोणावर, ते कळत नव्हते. मी म्हणाले, "कोरा कागद द्या."

तेव्हापासून मी वैद्य आहे. अगदी पहिल्या पायरीवरची. दोनदा मरता मरता वाचले. दोन्ही वेळा डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, म्हणून या बाबतीत माझी खात्री अजून पटलेली नाही.

कलम पाच, आणि हे बंधनकारक. खेळ चालू असताना माझे काही झाले तर माझे पात्र गोष्टीतून हळूच वगळू नये, आजारी पाडू नये, दूरच्या प्रवासाला धाडू नये. त्या पात्राच्या वाट्याचे फासे नणंदेने सगळ्यांसमोर टाकावेत आणि जो आकडा पडेल तो धरावा. डॉक्टरांनी मध्ये पडू नये. पडलेच, तर वहीत तसे लिहावे.

सही: (केली)
ठिकाण: राहते घर, बैठकीची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर

साक्षीदार एक: तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. (सही) यांनी मजकूर वाचण्याचा प्रयत्न केला, मी कागद झाकला.

साक्षीदार दोन: समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. (सही) यांनी प्रयत्न केला नाही. का केला नाही, ते विचारले पाहिजे.