गोळ्यांचा प्रसाद

पुसेगाव

प्रिय माऊली,

पत्र बघून दचकू नकोस. कागदावर लिहून त्याचे फोटो मोबाईलवर पाठवणारी वहिनी तुला वेडी वाटेल. पण फोनवर बोलायचं म्हटलं की शब्द न् शब्द घरभर ऐकू जातो, आणि तू दुसऱ्याच वाक्याला 'वहिनी, एक मिनिट' म्हणून मला थांबवतोस. तुझं ते हैदराबादचं मिनिट काही संपत नाही. कागदाला मधेच थांबवता येत नाही, म्हणून कागद घेतला. शांतपणे वाच, पण आजच वाच.

माझ्या आईचं तेरावं रीतीप्रमाणे पार पडलं. तुला रजा मिळाली नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. माणसं भरपूर आली, जवळा बाजारहून माहेरचे सगळे आले, तुझ्या संतरामदादांनी कशाला कमी पडू दिलं नाही. मी रडले नाही म्हणून बायका आपसात कुजबुजत होत्या, त्याही आपापल्या गावी गेल्या. मी भाकरी थापते, भांडी घासते, शेळीला पाला टाकते. मधेच हात थांबतात आणि काय करायला उठले होते तेच आठवत नाही. दुःख झालंय असंही म्हणवत नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही ना, तसं सगळ्या अंगाचं झालंय. बोलते, चालते, पण आत काही लागत नाही. हे तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते मला जवळ घेऊन रडायला लावतील.

मी या घरात आले तेव्हा तू शाळेत जायचास आणि तुझ्या चड्डीला कधीच दोन्ही बटणं नसायची. तुला अंघोळ घालायला मागे पळावं लागायचं. मला पुढे मूल झालं नाही, आणि तू होतास म्हणून माझं निभावलं. माझ्या आईचं मात्र निभावलं नाही. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत तुला ठाऊक आहे. बाकीच्या घरांत वर्ष-दोन वर्षांत ती आपोआप सुटते. आईची सुटायची कधी? बाबा गेल्यावर मी तिला हट्टानं पुसेगावात आणलं, तर मारुतीच्या देवळामागे खोली करून राहिली. रोज आपल्या ओट्यावर येऊन बसायची ते स्वतःचा तांब्या घेऊन. मी चहा केला की तिच्यासमोर प्यायची माझीच हिंमत व्हायची नाही. ती कधी बोलून दाखवत नसे. मीही नाही.

ही कोंडी फोडली ती तुझ्या आईनं. आमच्या आत्याबाई तोंडानं फटकळ, पण त्यांना माझ्या आईचं ते कोरडं बसणं खुपायचं. तुला दरवर्षी तुझ्या आईच्या खोकल्याची काळजी, म्हणून तू त्या गोळ्यांचा डबा पाठवायला लागलास. संत्र्याच्या वासाची चघळायची ती व्हिटॅमिन सी, झिंकची पांढरी, आठवड्यातून एकदा घ्यायची डी, आणि कधी कुठली घ्यायची ते तू फोनवर पाठ करून घ्यायचास. आत्याबाई 'व्हय, व्हय' म्हणायच्या. डबा आला की तो आधी देव्हाऱ्यात जायचा. पोरानं धाडलेलं आधी देवाला दाखवायचं, आणि देवाला दाखवलेलं एकट्यानं कसं खायचं? मग गुरुवारच्या भजनाला सगळ्या म्हाताऱ्या जमल्या की साखरफुटाण्यांबरोबर एकेक गोळी हातावर. पहिल्या दिवशी माझ्या आईनं हात मागे घेतला, तर आत्याबाई म्हणाल्या, "घ्या इहीणबाई, परसाद हाय. परसादाला न्हाई म्हणू न्हये." आई म्हणाली, "देवाचं हाय, मंग घ्यावंच लागंल." आणि तिनं ती तोंडात टाकली. माझ्या घरातली पहिली वस्तू तिनं खाल्ली ती तुझी संत्र्याची गोळी, माऊली. त्या दिवशी मी आत जाऊन उगाच डबे पुसत बसले होते.

त्यामुळे तुझा डबा इतक्या लवकर कसा संपतो हे कोडं आता तुला सुटलं असेल. तू आईच्या नावानं पाठवायचास आणि निम्म्या गल्लीची जीभ पिवळी व्हायची. एकेकीला आठवड्यातून एखादी गोळी, तीही कधी झिंकची, कधी सीची, जी हाताला लागेल ती. मी हसायचे. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच हिशेब मांडून आत्याबाईंना रागावला असतास, आणि माझ्या आईचा तेवढाच घास बंद झाला असता.

मग कार्तिकातली काकड आरती आली. एका पहाटे सगळ्यांसमोर आई आत्याबाईंना म्हणाली, "द्वारकाबाई, तुमचा गळा बसला आता, तुमी नुस्ता टाळ धरा, मी सुरू करते." खोटं नव्हतं, पण आत्याबाईंच्या वर्मी लागलं. त्या गुरुवारी त्यांनी ओळीनं सगळ्यांना प्रसाद दिला आणि माझ्या आईपाशी येऊन साखरफुटाणे तेवढे ठेवले. गोळी ठेवली नाही. आईचा हात तसाच पसरलेला राहिला. मी दारात उभी होते. पुढचे सगळे गुरुवार तसंच झालं. आई फक्त माझ्याकडे बघून हसली. दोन म्हाताऱ्यांचा रुसवा, संक्रांतीला तिळगूळ दिला की मिटेल, असं मला वाटलं होतं.

पण त्याआधीच पौषातल्या थंडीनं आईला धरलं. खोकला आहे म्हणाली, ताप लपवला. मी रोज जायचे, ती पांघरूण घेऊन बसलेली असायची आणि मला लवकर परत पाठवायची. धाप लागली तेव्हा दादांनी गाडी काढली. हिंगोलीला दवाखान्यात डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, वय फार आहे म्हणाले, जे करायचं ते सगळं केलं. पुढचं तुला कळवलंच होतं.

आता तुला न कळलेलं. आई गेली त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता, आठवतो? आत्याबाईंनी स्पीकर लावला होता. माझ्या आईचं नाव घेऊन तू म्हणालास, "आई, बघ, पंचफुलामावशींचं काय झालं ते. गोळ्या चालू असत्या तर वाचल्या असत्या. तू अजिबात चुकवू नकोस." तू काळजीनं बोललास. तुला बिचाऱ्याला रुसव्यातलं काही माहीत नव्हतं. फोन बंद झाला. आत्याबाई उठल्या, डबा देव्हाऱ्यातून काढून दूर कोनाड्यात ठेवला आणि मला म्हणाल्या, "मंजुषा, तुह्या मायला म्याच मारलं." तेव्हापासून तोंडात एकही गोळी नाही. तुझी नाही, बीपीची नाही, कुठलीच नाही.

आणि आता त्यांनाही तेच झालंय, माऊली. आधी खोकला, मग संध्याकाळचा ताप, परवापासून बोलताना दम लागतोय. सेनगावचे डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत सुरुवात आहे, औषध आत्ताच सुरू झालं तर घरीच निभेल, नाहीतर दवाखान्यात न्यावं लागेल आणि तिथलं काही सांगता येत नाही, असं म्हणाले. औषध आणून ठेवलंय. मी हातात घेऊन गेले की तोंड भिंतीकडे. "काहून आणून राहिली? तिला न्हाई देली, आता मी कशी खाऊ?" एवढंच बोलणं. दादा ओरडले, मग पाया पडले, मग वावरात जाऊन बसले. दवाखान्याचं नाव काढलं तर त्या बाजेचं लाकूड धरून ठेवतात.

मला त्यांचा राग यायला हवा होता. माझ्या आईचा पसरलेला हात मी बघितला आहे. पण राग येत नाही, कीवही येत नाही. मी पाठ शेकते, वाफ देते, चादर बदलते. त्या माझं मनगट धरतात आणि सोडत नाहीत. मी सोडवून घेत नाही, एवढंच.

डॉक्टर घरी आले त्या दिवशी मी त्यांना आत्याबाईंसमोरच विचारलं. म्हटलं, त्या ताकदीच्या गोळ्या घेतल्या असत्या तर माझी आई वाचली असती का, खरं सांगा. ते म्हणाले, अंगात खरंच कशाची कमतरता असेल तर ती भरून काढायला गोळ्या ठीक आहेत, पण म्हाताऱ्या माणसाला छातीचा आजार होऊ नये म्हणून त्यांचा उपयोग होतो असं बऱ्याच तपासण्या करूनही ठाम काही हाती लागलेलं नाही. आणि इथे तर आठवड्याला एक, तीही हाताला येईल ती. त्यानं ना कुणी वाचतं, ना ती न मिळाल्यानं कुणी मरतं. ताप लपवला नसता तर गोष्ट वेगळी होती, लस घेतली असती तरी थोडा आधार होता. मला वाटलं, सुटलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डाक्टरसाब, तुमी शिकलेले, तुमचं बराबर असंल. पन उपेग नसता तर माह्या पोरानं येवढ्या वरसं काहून धाडल्या असत्या?" डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली आणि ते उठले.

म्हणून लिहिलं. डॉक्टर, दादा, मी, आमच्या कुणाच्याच शब्दाला तुझ्या डब्यापुढे किंमत नाही. तू फोन कर आणि आईला सांग, की त्या गोळ्यांनी काही होत नाही. पंचफुलामावशी त्यांच्यावाचून गेल्या नाहीत, मी त्या दिवशी चुकीचं बोललो, मला नीट माहीत नव्हतं. असंच सांग, आडवळणानं नको. मला ठाऊक आहे मी काय मागतेय. लांब राहून आईसाठी काही केलं, असं म्हणायला तुझ्यापाशी तो डबाच होता, आणि तो तू कधी चुकवला नाहीस. तेच फुकट होतं, हे तुला स्वतःच्या तोंडानं आईला सांगायचं आहे. खोटं बोल म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले तेवढंच, पण तुझ्या आवाजात. एक मिनिट म्हणू नकोस. मी त्यांच्या उशाशी बसले आहे, औषधाची पहिली गोळी पाकिटातून काढून हातावर घेतली आहे, आणि तुझा फोन येईपर्यंत ती खाली ठेवणार नाही.

तुला न्हाऊमाखू घातलेली, तुझीच
मंजुषा वहिनी