चौथी बहीण

३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी स्वतःचं टेबल, स्वतःची खिडकी! आनुवंशिक कॅन्सरवर संशोधन करणारं हे केंद्र तसं छोटंच. मोठे डॉक्टर, लॅबमधले काका आणि आता मी, समुपदेशक. घराण्यात कॅन्सर असलेली माणसं इथे रक्त द्यायला येतात. मी त्यांची वंशावळ काढायची: बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी असेल तर आतून काळा, गेलेला असेल तर वर तिरकी रेघ. जनुकातला दोष आईबापांकडून मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी, छापा की काटा. पण वेळेवर कळलं तर ऑपरेशन करून जीव वाचवता येतो. म्हणून तर हे काम मला आवडतं.
तुलनेसाठी कर्मचाऱ्यांचंही रक्त लागतं. काकांनी माझं घेतलं आणि वर म्हणाले, घाबरू नका, पगारात धरलंय. आई फोनवर हसत सुटली. आपल्याच घरातली नाती तुला धड आठवत नाहीत, आणि आता जगाच्या वंशावळी काढणार! नऊ वर्षांच्या माझ्या लेकीने लगेच आमची काढून दाखवली: दोन गोल आणि एक मांजर.

१४ जून
माझा निकाल आला. स्वच्छ.
जुन्या फायली लावताना तीन सख्ख्या बहिणींची फाईल हाती आली. अकरा वर्षांपूर्वी तिघींनी रक्त दिलं. तिघींतही दोष निघाला. आणि अहवालावर डॉक्टरांच्या अक्षरात: कळवू नये. थोरली अडतिसाव्या वर्षी गेली, मधली एकेचाळिसाव्या. धाकटी अजून धडधाकट आहे. तिला काहीच माहीत नाही.
डॉक्टरांना विचारलं. ते चिडले नाहीत, उलट मला बसायला सांगितलं. कळवलं असतं तर त्यांनी ऑपरेशन करून घेतलं असतं, मग रोग आपल्या चालीने कसा वाढतो ते कळलं कसं असतं? तिघींच्या बदल्यात हजारो वाचतील, म्हणाले. शोधनिबंध छापून येईपर्यंत गप्प राहा. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.
इतक्या वर्षांत तीन-चार महिने ते काय.

२ जुलै
धाकटी आली होती, दरवर्षीच्या तपासणीला. गोल चेहरा, बोलायला मोकळी. मुलगी कॉलेजात जाते म्हणाली. जाताना माझा हात धरून विचारलं, ताई, माझा रिपोर्ट कधी हो येणार? अकरा वर्षं झाली.
येईल, म्हटलं मी. काही असतं तर कळवलं असतं.
हे वाक्य मी म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

२६ सप्टेंबर
शोधनिबंध छापून आला. केक कापत होतो तेव्हा धाकटी दारात उभी राहिली. ओळखू येईना. डोक्याला रुमाल, अंगावर नुसती हाडं. दुसऱ्या इस्पितळात कॅन्सर निघाला, आणि छापलेल्या निबंधातल्या तीन बहिणी वाचून इथे काय दडवलं तेही तिला कळलं.
ती ओरडली नाही. शिव्याशाप देणार नाही, म्हणाली. आमच्या घरात जे काही आलं ते आम्ही बहिणींनी सारखं वाटून घेतलं. तुम्हा दोघांनाही तुमचा वाटा मिळेल.
डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

१९ ऑक्टोबर
धाकटी गेली.

८ नोव्हेंबर
डॉक्टरांच्या छातीत गाठ निघाली. स्तनाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो, क्वचित. पण काकांनी त्यांचं रक्त तपासलं, मग पुन्हा एकदा तपासलं. बहिणींचाच दोष, अक्षर न् अक्षर तोच. असा दोष जन्मापासून असावा लागतो, मागाहून येत नाही. आणि तुलनेसाठी दिलेलं डॉक्टरांचं जुनं रक्त स्वच्छ होतं.
काकांचं अजूनही स्वच्छ आहे. त्यांच्याकडे नुसते नंबर घातलेले नमुने येतात, ती फाईल त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

१५ नोव्हेंबर
फाईल उघडली. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. तीन काळ्या गोलांशेजारी, त्याच आईबापांच्या रेघेला लटकलेला एक चौकोन. भाऊ. वय एकसष्ट. आतून काळा.
त्यापुढे एक गोल. कोरा. माझं वय —
खोडून पाहिलं. कागद फाटला, गोल राहिला.

१७ नोव्हेंबर
काकांना पुन्हा रक्त दिलं. निकाल सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.
आहे.

२० नोव्हेंबर
डॉक्टर गेले. इतक्या लवकर कुणी जात नाही. नर्स सांगत होती, शेवटी डॉक्टर सारखे म्हणत होते, दादा कुणाला म्हणता, मी तुमचा दादा नाही. खोलीत तर कुणीच —

२१ नोव्हेंबर
धाकटीच्या मुलीकडे गेले. पाया पडायलाही तयार होते. म्हटलं, निदान हिला सांगावं, तपासून घे म्हणावं, म्हणजे त्या तिघी माझ्या लेकीला तरी सोडतील.
तिने दारातच सांगितलं, केव्हाच तपासलं. माझ्यात नाही. आधी होता, आता नाही. आई आणि मावश्या येऊन सांगून गेल्या: आपल्या घरातला आम्ही काढून घेतलाय, आता तो त्यांच्या घरात राहील.
आणि हसली. अगदी आईसारखी.
माझ्या लेकीने काय केलंय, विचारलं मी. माझ्या आईने काय केलं होतं, म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

२२ नोव्हेंबर, दुपार
शाळेतून फोन. बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीला न्यायला मावश्या आल्या होत्या, तिघी, फार प्रेमळ आहेत हो, पाठवली. ती आपणहून त्यांच्याकडे धावली.
मी एकुलती एक आहे. मला बहीणच —
जिन्यात पावलं. पोर हसतेय. दंडाला कापूस लावलाय म्हणून सांगतेय, मुळीच दुखलं नाही म्हणतेय, आई दार उघड, मावशी म्हणते निकाल आत्ताच सांगते, तुमच्यासारखं अकरा वर्षं थांबवणार नाही —