मामंजींच्या नावाचा मुलगा

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

दत्तगुरूंच्या कृपेने सगळे सुखरूप आहोत. काल सुट्टी म्हणून थोरल्या सईला आणि बाळाला वाशीच्या खाडीकाठच्या बागेत नेलं. बाहेरचं कशाला विकत घ्या म्हणून पोळीभाजी घरूनच घेतली होती. मी डबा उघडतेय तेवढ्यात बाळ दिसेनासा झाला.

"बाळा, बाळा" ओरडले, तर निम्म्या बागेने वळून पाहिलं. वॉचमन म्हणाला, "ताई, इकडे सगळे बाळच आहेत. नाव सांगा ना!" आई, माझी जीभच उचलेना. मामंजींचंच नाव ठेवलंय आपण त्याला, ते सुनेने कसं घ्यायचं? शेवटी डोळे मिटून ओरडले, "यशवंत!"

तो जवळच होता, पाण्याकडच्या कठड्यावर चढलेला, आमच्याकडे पाठ करून. वळलासुद्धा नाही. सईने धावत जाऊन त्याला मागे ओढलं. आपण सगळेच त्याला बाळ म्हणतो, मग त्याला कळणार कसं?

आजपासून मी त्याला नावानेच हाक मारतेय. तुम्हाला ते पाप वाटेल, म्हणून हे पत्र टाकणार नाही. देवापुढे नाक घासलंय. पण आई, सकाळपासून हाका मारतेय आणि तो अजून ओ देत नाही.

तुमची घाबरलेली सून,
चारुलता