सेडान, मिनीव्हॅन आणि माझी टेप

३ जानेवारी
जुनी गाडी भंगारात गेली. आता नवी. घरात माणसं पाच: मी, बायको, आई, दोन मुली. बायकोचं मत मिनीव्हॅन. माझं मत अजून ठरलेलं नाही. तीस वर्षं टेलरिंगच्या धंद्यात आहे. टेप लावायची, जे निघेल ते मान्य करायचं. मी पूर्ण निष्पक्ष आहे. सेडान काळी घ्यावी की राखाडी, एवढंच बाकी.

५ जानेवारी
आईला मामाकडे जायचंय. मामा तिचा एकुलता एक भाऊ, वय ब्याऐंशी, दोन तासांवर एकटाच राहतो. आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर दीड वर्ष भेट नाही. टॅक्सीतून उतरताना कळवळते, म्हणून नकोच म्हणते. फोनवर दोघं आपापल्या तब्येतीबद्दल खोटं बोलतात. महिनाभरात नेतो, असा मी शब्द दिलाय.

९ जानेवारी
सेडानची मागची सीट: रुंदी त्रेपन्न इंच. तिथे बायको आणि मुली बसणार. मुलींची मापं दुकानाच्या वहीत आहेत. बायकोने द्यायला नकार दिला. लग्नाच्या वर्षीचं सापडलं, तेच धरलं. तिघी आरामात मावून चार इंच उरतात. हिशेब बायकोला दाखवला. खूश झाली असावी. त्या रात्री भांडी फार जोरात घासली.

१३ जानेवारी, दुपार
मिनीव्हॅन पाहिली. दार गोदामासारखं सरकतं. छत इतकं उंच की फुकट हवा वाहून न्यायची. तिसऱ्या रांगेत माझे गुडघे हनुवटीला लागले. हा मुद्दा लाल शाईने लिहिला. आई सीटवर नुसती टेकली, पाय आत घेतले आणि बसली. कोणाचा हातही धरला नाही. म्हणजे गाडीत बसल्याची काही मजाच नाही. घरातल्या खुर्चीत बसल्यासारखं.

१६ जानेवारी
सेडान! काय ती सीट! आई पुढे बसली आणि अशी ऐसपैस रुतली की उठेचना. मी आणि सेल्समन, दोघांनी हात दिले. शेवटी शोरूमच्या वॉचमनला बोलावलं. आरामाचा याहून मोठा पुरावा कोणता? घरी येताच आईने खोलीचं दार लावून घेतलं. समाधान असंच असतं.

१७ जानेवारी
आईने मामाला फोन करून सांगितलं, आता उन्हाळ्यातच बघू. थंडीमुळे असेल, असं मी म्हटलं. थोरली म्हणाली, "बाबा, काल तीन पुरुषांनी ओढून काढलं आजीला. लाज वाटली तिला."
मुली फार भावनाप्रधान असतात.
दुकानात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाची कंबर दोनदा लिहिली, छाती राहिलीच.

१९ जानेवारी
दोन्ही गाड्यांचा तक्ता घेऊन आईसमोर बसलो. पाय ठेवायची जागा, डोक्यावरची जागा, सीटचा उतार, सगळं समजावलं. तिने चष्मा काढला. "मला आतली जागा मोजून दाखवू नकोस रे. माझी मला उतरता येईल ती गाडी आण."
तिच्या मताचा विचार होईल, असं सांगितलं. तासभर विचार केला. मग सर्व बाजू तपासून मी मिनीव्हॅनचा निर्णय घेतला आणि बायकोला कळवला. तिने कालच बुकिंग केलंय. माझा कल तिच्या आधीच लक्षात आला असणार.

२९ जानेवारी
गाडी आली. बायको चालवते. म्हणजे मी चालवू देतो. आई पुढे, मुली मधे पाय पसरून. मी तिसऱ्या रांगेत. आतल्या जागेचा अभ्यास तिथूनच नीट होतो.

१ फेब्रुवारी
मामाकडे पोचलो. आईने दोन्ही पाय बाहेर काढले, जमिनीला टेकवले, उभी राहिली आणि फाटकापर्यंत एकटी चालत गेली. मामा दारात काठी टेकून उभा. म्हणाला, "वाळलीस." आई म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरी आहे." मग दोघं एकमेकांचा हात धरून दारातच उभे राहिले. कोणाला आत जाता येईना, पण कोणी घाईही केली नाही. मी मागच्या रांगेतून निघेपर्यंत त्यांचा चहा संपला होता.

जेवणानंतर आईने जाहीर केलं की मामा आता आपल्याकडेच राहणार. मामाने पाच मिनिटं नाही म्हणून पाहिलं. मग विचारलं, आरामखुर्ची मावेल का? मावली. त्याची कपड्यांची ट्रंकही मावली. त्यासाठी तिसरी रांग दुमडावी लागली. पुढे बायको आणि आई, मधे मामा आणि मुली. मीच पुढाकार घेऊन म्हणालो, मी बसने येतो. पण म्हणेपर्यंत धाकटीने दार सरकवून लावलं होतं.

बसमध्ये दोन तास उभा. कंडक्टर म्हणाला, काका, जरा आत सरका, भरपूर जागा आहे.