देवाच्या सरईजवळचा ओंडका

७ जुलै

झाडांचा अभ्यास करणाऱ्या नेगीदीदीने ही वही दिली तेव्हा जंगलात मोहाचा वास होता. "रोज दोन ओळी तरी लिही, बिसाहू." लिहितो म्हणालो आणि वही उशीखाली गेली. चूल पेटवायला मधली पानंही फाडली. आज लिहितोय, कारण बोलायला कुणी नाही. दीदी बाहेर जगतूशी गप्पा मारतेय.

बिलासपूर सोडल्यापासून ढाबे, वीटभट्टी, एक सर्कस – टिकलो कुठेच नाही. इथे ट्रकमधून चहाला उतरलो, तर ही बाई झाडाला कान लावून उभी. काय ऐकते बघावं म्हणून थांबलो, तो अजून इथेच. जगतू या गावचाच, गोंडांचा पोरगा, पावसाळ्यापुरता कामाला आलेला. त्याच्या फालतू विनोदांना दीदी हसते. मला झाडं मोजताना म्हणते, "फीत सरळ धर."

८ जुलै

सरईच्या, म्हणजे सालाच्या, जंगलाला भुंगेरा लागलाय. खोड आतून पोखरतो, बुंध्याशी भुसा पडला, की झाड संपलं. दीदी म्हणते भुंगेरा शेवटी येतो. त्याआधी दुष्काळ, वणवे, ओरबाडलेल्या फांद्या – झाड दमलेलंच असतं. कशाने किती दमतं हे तिला शोधायचंय. तोवर आम्ही ताजे ओंडके चेचून आजारी झाडांमध्ये टाकतो. रसाच्या वासाने भुंगेरे लांबून येतात, पिऊन सुस्त पडतात. सकाळी वेचायचे, माना मोडायच्या. नियम एकच – धडधाकट झाडांजवळ ओंडका न्यायचा नाही. "नाहीतर आपणच त्यांना घर दाखवलं," दीदी म्हणते.

आज जगतूचं पोतं माझ्यापेक्षा फुगलेलं. दीदीने त्याच्या पाठीवर थाप मारली. माझी पाठ इथे आल्यापासून कोरडी आहे.

१० जुलै

पेज खारट. केली होती मीच.

१२ जुलै

जगतूची आई, सुकवारो, दीदीकडे आली होती. मी लाकडं रचत होतो, कान तिकडे. "महाप्रसाद बदायचाय. तुमच्या कॅलेंडरात चांगला दिवस बघा." दीदी हसली, पानं उलटली.

म्हणजे ठरलं! सुकवारो आणि दीदी जगन्नाथाचा वाळका भात एकमेकींना भरवणार, नारळ बदलणार, सख्ख्या बहिणींहून जवळच्या होणार. मग एकमेकींचं नावही घ्यायचं नाही, जन्मभर 'महाप्रसाद' म्हणूनच हाक. आणि जगतू आयताच दीदीचा मुलगा. मी फीत धरणारा.

सकाळी तो मला विचारत होता, "तुझा महाप्रसाद कोण रे?"

"मला गावच नाही, महाप्रसाद कुठला?"

"मग अडचणीत हाक कुणाला मारतोस?"

"ट्रकवाल्याला."

खो खो हसला. खिजवतच होता.

१३ जुलै

उजाडताना माझा ओंडका ओढत टेकडीवर नेला, देवाच्या सरईपाशी. तिच्याभोवतीचं बन हिरवंगार आहे, गाव तिथे कुऱ्हाड नेत नाही. वाराही भरपूर. वास लांब जाईल.

१५ जुलै

पोतं तुडुंब. "अरे वा! कुठून आणलेस?" दीदी म्हणाली. पाठीवर थाप!

"नाल्याकडून."

जगतू माझ्या चिखलाच्या पायांकडे बघत होता. नाल्याची माती काळी, टेकडीची लाल. बघेना का.

२० जुलै

आठवडी बाजारात मीठ आणायला गेलो. कोंबड्यांची झुंज लागलेली. मग एक आरसेवाला भेटला, त्याच्या गाडीत जागा होती, अमरकंटकपर्यंत गेलो. परतताना ओंडका आठवला. रस पिऊन उठलेले भुंगेरे कुणी वेचले नाहीत, तर शेजारच्या झाडात अंडी घालतात.

धावत बनात गेलो. ओंडका नाही. देवाच्या सरईवर दीदीचा पिवळा पट्टा, भुंगेरा चढलेल्या झाडाला बांधते तो.

२१ जुलै

दीदी म्हणाली, "जगतूला कामावरून काढलं. ओंडका त्याचा होता, त्यानेच सांगितलं. मी गेले तेव्हा तिथे बसून वेचत होता. तरी खोडावर चढलेले सापडलेच. भुसा दिसला तर ते झाड तोडावं लागेल, आणि गावाला तोंड कसं दाखवू? आता रोज सकाळी तू जायचं. चुकलेला एकेक वेचायचा."

मी हं म्हणालो. नुसतं हं.

का केलं त्याने? चांगुलपणातही माझ्यापुढे! दीदी त्याच्यावर इतकी चिडली की डोळे भरले तिचे. माझ्यावर कधी इतकी चिडलीसुद्धा नाही.

२२ जुलै

टेकडीकडे पाय वळले नाहीत. पिशवी भरली. उद्या सकाळची बस, जाईल तिकडे.

२३ जुलै

पिशवी खांद्यावर घेतली तर दारात सुकवारो. द्रोणात वाळका भात, काखेत नारळ. मागे जगतू, नवा सदरा घालून.

"दीदी आत आहे," मी म्हणालो.

"तिच्याकडून दिवस काढून घेतला होता, तो आजचा," ती म्हणाली. "आलोय तुझ्याकडे. टेकडीचं सगळं यानं मला सांगितलंय. चल, हात धू. आणि यापुढे याचं नाव घ्यायचं नाही."

दोघं ओट्यावर बसलेत. तिकडे बसचा भोंगा. पिशवी खाली ठेवली. भाताआधी दीदीला बाहेर बोलावतो.